हवामानाला दोष देण्याआधी खिडकी उघडा : वाचकांची प्रश्नोत्तरे

सर्दी-खोकल्याची साथ डोकं वर काढते तेव्हा पत्रांतून एकच शंका वेगवेगळ्या शब्दांत येते : आपल्या नाशिकच्या हवेत कोविडचा विषाणू टिकतो का? छातीविकारतज्ज्ञ म्हणून माझं उत्तर प्रत्येक वेळी बाहेरच्या हवेपेक्षा घरातल्या हवेकडे वळतं.

नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो. एवढ्या उन्हात विषाणू मरतो ना? – वाचक, पंचवटी

उघड्यावर, थेट उन्हात तो काही मिनिटांत निकामी होतो. पण भर दुपारी आपण उन्हात असतो कुठे? २०२१ची दुसरी लाट ऐन उन्हाळ्यात आली. ६ मे रोजी देशात एका दिवसात चार लाखांहून जास्त रुग्ण नोंदले गेले. अमेरिकेत २०२० साली ॲरिझोना, टेक्सास, फ्लोरिडा या तापलेल्या राज्यांत जून-जुलैत लाट उसळली, तर उत्तरेकडच्या डाकोटात थंडीच्या तोंडावर. जिथे ज्या ऋतूत माणसं दारं लावून आत बसतात, तिथे तेव्हा संसर्गाला वाव मिळतो. विषाणूचं नवं रूप आणि लोकांची प्रतिकारशक्ती हीसुद्धा कारणं आहेतच. एकट्या पाऱ्यावर भिस्त ठेवू नका.

थंडीत दही, केळी बंद करावीत का? – वाचक, सिडको

नको. दमा असेल आणि एखाद्या पदार्थाने त्रास वाढत असेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारा.

मुलगा स्पर्धा परीक्षेसाठी दिवसभर एसी अभ्यासिकेत बसतो. सारखा आजारी पडतो. चालक म्हणतात, एसीमुळे हवा स्वच्छ राहते. – वाचक, गंगापूर रोड

हे वाक्य ऐकून मला खरोखर चीड येते. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि खोलीतच सोडतो. बाहेरची ताजी हवा तो आणत नाही. त्याची जाळी धूळ अडवते, विषाणूचे सूक्ष्म कण नाही. बोलताना, खोकताना, नुसता श्वास सोडतानाही हे कण बाहेर पडतात आणि उदबत्तीच्या धुरासारखे बंद खोलीत साचत जातात.

चीनमधल्या ग्वांगझू शहरात २४ जानेवारी २०२० रोजी एका उपाहारगृहात हेच घडलं. एसी चालू, हवा बाहेर फेकणारे पंखे बंद. शेजारशेजारच्या तीन टेबलांवरच्या तीन कुटुंबांतले मिळून १० जण बाधित झाले. अमेरिकेत स्कॅजिट परगण्यात त्याच वर्षी १० मार्चला समूहगायनाच्या सरावाला ६१ जण जमले. त्यांत एक जण आजारी होता; नंतर आणखी ५२ जणांना लागण झाली किंवा तशी दाट शक्यता दिसली. अडीच तासांची ती बैठक होती. तुमचा मुलगा दिवसभर बसतो.

मी पाहिलेल्या एका अभ्यासिकेत खिडक्यांच्या फटींना तपकिरी चिकटपट्टी मारली होती, काचेवर थर्माकोल, आणि टेबलं कोपराला कोपर लागेल अशी. गारवा बाहेर जाऊन वीजबिल वाढू नये म्हणून! चालकांना सांगा : समोरासमोरच्या दोन खिडक्या चार बोटं तरी उघड्या ठेवा, एक्झॉस्ट पंखा चालवा, तासाभराने सगळं सताड उघडा. कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र भिंतीवर लावलं तर वाद मिटतो. बाहेर ते साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) दाखवतं. आत आकडा ८००च्या आसपास राहावा, दीड हजारावर गेला तर सगळे एकमेकांचा उच्छ्वास घेताहेत असं समजा. मुलाला मात्र तपासून घ्या. सारखं आजारपण म्हणजे दमा किंवा क्षयसुद्धा असू शकतो.

‘९९.९ टक्के विषाणू मारणारं’ आयन यंत्र घ्यावं का? – वाचक, इंदिरानगर

घेऊ नका. अशी यंत्रं हवेत विद्युतभारित कण, म्हणजे आयन, सोडतात. असे आकडे बहुधा लहानशा बंद पेटीतल्या चाचणीचे असतात, तुमच्या दिवाणखान्याचे नव्हेत. काही यंत्रं ओझोन सोडतात, तो फुफ्फुसाला अपायकारक. खिडकी उघडणं शक्यच नसेल तर खोलीच्या आकाराला पुरेसा हेपा फिल्टरचा (अतिसूक्ष्म कणही अडवणाऱ्या दाट गाळणीचा) प्युरिफायर उपयोगी पडतो. घरात दम्याचा रुग्ण असेल तर खरेदीआधी डॉक्टरांशी बोला.

आमच्या द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये गारव्यात बायका पॅकिंग करतात. धोका आहे का? – वाचक, पिंपळगाव बसवंत

आहे. जर्मनीत ग्युटर्सलोजवळच्या मांसप्रक्रिया कारखान्यात जून २०२० मध्ये हजाराहून जास्त कामगार बाधित झाले. थंड हवा तिथे आतल्या आत फिरवली जात होती. साथीच्या दिवसांत मास्क द्या, जेवणाची सुट्टी बाहेर मांडवाखाली घ्या आणि ताप असलेल्या बाईची रोजंदारी कापू नका. कापलीत तर ती ताप लपवून येईल.

पावसाळ्यात घर बंदच असतं. आईला चार दिवस ताप-खोकला आहे. मेडिकलमधून अँटिबायोटिक आणलं, वाफ देतोय. अजून किती दिवस थांबू? – वाचक, इगतपुरी

थांबू नका. आजच डॉक्टरांकडे न्या. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. कोविडवरचं विषाणूरोधक औषध पहिल्या पाच दिवसांत सुरू करावं लागतं, फ्लूवरचं शक्यतो ४८ तासांत. चार दिवस तर तुम्ही घालवलेच आहेत. वाफेने विषाणू मरत नाही, उकळत्या पाण्याने भाजलेली माणसं मात्र मी पाहतो. ऑक्सिमीटरवर ९४च्या खाली आकडा, धाप, गुंगी किंवा छातीत दुखणं, यांतलं काहीही दिसलं तर दवाखान्याची वेळ न बघता थेट रुग्णालय गाठा. आईच्या खोलीची पावसाच्या उलट बाजूची खिडकी उघडी ठेवा, आणि गाडीने नेताना काचाही थोड्या खाली असू द्या.