केबल पुरायचीच, पण कर्ज नेमकं कशासाठी?

पाचगावच्या एका वाचकाचं पत्र आहे. शिरोलीत नोकरी, परसात पत्र्याचं शेड, तिथं लेथ (धातू कातायचं यंत्र) टाकून संध्याकाळी जॉबवर्क करायचंय. घरापासून शेड नव्वद फूट. वायरमन केबल वरून ओढायचे २५ हजार सांगतो, जमिनीखालून ७० हजार. जमिनीखालून घालायला १४ टक्क्यांनी लाखाचं पर्सनल लोन काढू का?

जमिनीखालूनच घाला. आपल्याकडचा पाऊस, वर आंब्याच्या फांद्या, खाली पत्रा; तिथं ४५ हजार वाचवू नयेत.

पण खरं दुखणं तुम्ही पत्रात कंसात टाकलंय. बँकेतल्या साहेबांनी 'एफडीच समजा' म्हणून पॉलिसी दिली. वर्षाला लाख, दहा वर्षं; पंधरा वर्षं संपली की साडेसोळा लाख 'हमखास'. दोन हप्ते भरलेत, तिसरा पुढच्या महिन्यात. अहो, मग कर्ज केबलसाठी नाहीच, हप्त्यासाठी आहे! दहाचे साडेसोळा ऐकायला गोड. वर्षाचा दर काढला तर पाच टक्केही पडत नाही. म्हणजे चौदाने उसने घेऊन पाचच्या आत गुंतवायचे. आणि विमा किती? दहा लाख. घरात कमावते तुम्ही एकटे, दोन मुलं शाळेत. दहा लाख किती वर्षं पुरतील?

आता पॉलिसी सोडली तर किती मिळतील आणि हप्ते थांबवून पेड-अप ठेवली तर शेवटी किती, हे दोन आकडे विमा कंपनीकडून लेखी घ्या. त्या साहेबांना विचारू नका. समजा भरलेल्या दोनातला लाख बुडाला. बुडू दे, अजून आठ भरायचे वाचतात. तिसऱ्या हप्त्यासाठी ठेवलेल्या लाखातून केबलचे सत्तर द्या, उरलेल्यातून कोटीचा साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घ्या. अडतिशीत वर्षाला साधारण वीस हजारांत बसतो. टर्म हातात पडेपर्यंत जुनी पॉलिसी मोडू नका.

महावितरणला न विचारता लेथ घरगुती मीटरवर चालवू नका. तो वापर अनधिकृत ठरला तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते, तीही मागच्या सगळ्या काळाची; कधीपासून ते कळलं नाही तर १२ महिन्यांची. आधी महावितरणकडे अर्ज करा.

चर अडीच फूट खोल घ्या, केबल पाइपातून न्या, पाइपाखाली-वर वाळू, त्यावर विटा. शेडला वेगळं अर्थिंग. पाइप एक साइज मोठा घ्या आणि आत नायलॉनची दोरी सोडून ठेवायला सांगा. उद्या थ्री-फेज घेतलं तर नवी केबल त्या दोरीने ओढता येते, परस पुन्हा खणायला नको.