हिरवी पात आणि पन्नास टक्क्यांचा हातोडा

अगं,

तुझी तिन्ही कार्टून्स बघितली. रेषा झकास आहे, ती कुणी शिकवून येत नाही, त्यामुळे कौतुकात वेळ घालवत नाही, खटकलं तेवढंच सांगतो.

पहिल्यात ट्रम्प तात्या ५० टक्के आयात कराचा हातोडा घेऊन उभे आणि खाली विदर्भातला कापूसवाला चपटा झालाय. शेअर होईल भरपूर. पण यवतमाळचा माणूस अमेरिकेला काय विकतो गं? तो कापूस घालतो व्यापाऱ्याला नाहीतर सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरणीला. अमेरिकेला जातात टीशर्ट, चादरी, टॉवेल, आणि त्यांच्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये आधी २५ आणि मग वर अजून २५ टक्के बसले. कापडवाले ओरडायला लागले तेव्हा त्यांना दिलासा म्हणून आपल्याच सरकारने बाहेरून येणाऱ्या कापसावरची ११ टक्के ड्युटी १९ ऑगस्टपासून काढली, आधी म्हणाले सप्टेंबरअखेरपर्यंत, मग लगेच डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली, आणि आपल्याकडे वेचणी सुरू होते दसरा दिवाळीच्या आसपास, म्हणजे नेमका नवा कापूस घरात यायच्या वेळी दार उघडं. तुझं कार्टून इथे आहे बघ. सगळं गाव समोरच्या हातोड्याकडे बघतंय आणि मागच्या दाराने परदेशी कापसाच्या गाठी आत येतायत. २०२५-२६ च्या त्या हंगामात मध्यम धाग्याचा हमीभाव होता क्विंटलला ७७१० रुपये आणि दिवाळीला खासगीत मागणी त्याच्या खाली. (एकटी ड्युटीच कारणीभूत असं मी म्हणत नाही, जगातच कापूस मंदीत होता, ओला माल होता, सगळं होतं. ते सगळं माहीत करून घ्यायचं आणि मग चित्रात एकच ठेवायचं.)

दुसरं कांद्याचं. कांदा चिरताना डोळ्यात पाणी हा जोक आता रिटायर कर प्लीज.

हसू नकोस, मी याहून मोठा घोळ घातलाय. १९ ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क आलं, नाशिककडचे लिलाव बंद पडले, आणि मी रात्रीत कार्टून काढलं, बंदराच्या गेटवर शेतकरी, पाठीवर पोतं, समोर कस्टमवाला हात पसरून. दुसऱ्या दिवशी निफाड तालुक्यातून एका शेतकऱ्याचा फोन. म्हणाला, साहेब चित्र भारी हाय, पण ऑगस्टात कांद्याला हिरवी पात कुठून आणली? मी गार! पोत्यातून पात बाहेर आलेली काढली होती ना, दिसायला छान दिसते म्हणून. त्या दिवसात विकला जातो तो कांदाचाळीत, म्हणजे शेतावरच्या हवेशीर शेडमध्ये, साठवलेला उन्हाळ कांदा, एप्रिलच्या आसपास काढलेला, मान वाळलेली, वरची साल सुटत आलेली, रोज थोडं वजन घटतंय, थोडा सडतोय. म्हणून तर तो थांबू शकत नाही. आणि पुढे म्हणाला, मी कशाला जाईन बंदरावर, मला ड्युटीची पावती कोण देतं, व्यापारी लिलावात तेवढे कमी बोलतो, झालं.

तेव्हा मी लासलगावच्या कांदा बाजारात जाऊन लिलाव बघितला, ते आधी करायला हवं होतं. ट्रॅक्टरच्या रांगा, व्यापाऱ्यांचा घोळका ट्रॉलीपाशी येतो, एकजण चार कांदे उचलतो, अंगठ्याने दाबून परत टाकतो, आकडे फुटतात, चिठ्ठी हातात, घोळका पुढच्या ट्रॉलीवर. चार महिने चाळीत जपलेल्या मालाचा निकाल एवढ्या वेळात लागतो. ते ४० टक्के मला त्या अंगठ्यात दिसले. पुढे डिसेंबरात निर्यातबंदीच आली, मे २०२४ मध्ये ती उठली तरी ४० टक्के आणि टनाला ५५० डॉलर किमान निर्यात दर राहिलाच, सप्टेंबरात २० वर आले, आणि १ एप्रिल २०२५ ला शून्य. दीड वर्षाच्या वर गेलं, आणि तोवर आपल्या पेपरांतल्या बहुतेक कार्टूनमध्ये काय होतं, तर मुंबईची गृहिणी आणि महाग भजी.

हे जुनंच दुखणं आहे म्हणा. इंग्लंडात १९०६ च्या निवडणुकीत टॅरिफवरून, म्हणजे आयात करावरून राडा होता, कर नको म्हणणाऱ्या लिबरलवाल्यांनी पोस्टरवर दोन पाव काढले, आमच्याकडे मोठा, त्यांच्याकडे छोटा, बस. त्याच्या आधी १९०३ मध्ये कर हवा म्हणणाऱ्या जोसेफ चेंबरलेनसाहेबांना बर्मिंगहॅमच्या सभेत खरेच दोन पाव हातात धरून दाखवावं लागलं होतं की बघा, फारसा फरक नाही. तरी निवडणुकीत त्यांची बाजू सपाटून आपटली. चित्र म्हणून मी त्या पावाला सलाम करतो, हातात मावणारी वस्तू शोधली पठ्ठ्यांनी. पण ते खाणाऱ्याच्या बाजूचं चित्र आहे. तू ठरव, तुझा कॅमेरा ताटाजवळ ठेवायचा की ट्रॉलीजवळ. दोन्हीकडे एकदम उभं राहायला गेलीस की तिसऱ्या कार्टूनसारखं होतं, सात माणसं, अकरा लेबलं.

आणि तो धोतर-फेट्यातला नांगरवाला बदल बाई. पँट-शर्ट घाल त्याला, गळ्यात उपरणं हवं तर ठेव, आणि हातात मोबाईल दे, बाजारभाव तुझ्या-माझ्या आधी त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतो.

पुढच्या आठवड्यात मी परत लासलगावला चाललोय. यायचं असेल तर कळव, सकाळी लवकर निघावं लागेल. वही लहान आण आणि बारीक निबचे पेन घरीच ठेव, तिथल्या फोलपटात नि धुळीत ते चालत नाहीत, जाड पेन्सिल बरी.

तुझा,
काका (सर म्हणू नकोस)