वाचकांचे प्रश्न : गेलेल्या माणसाला दिलेला शब्द

प्रश्न : मावशीनं आजारपणात माझ्याकडून शब्द घेतला होता, की तिच्या डायऱ्या न वाचता जाळून टाकायच्या. आता ती नाही. मी आत्मा, परलोक मानत नाही. मग त्या वाचल्या तर तिचं काय नुकसान? तिला तर कळणारही नाही.

उत्तर : तुमच्या प्रश्नाचा सगळा भार 'कळलं नाही, म्हणजे नुकसान झालं नाही' या गृहीतकावर आहे. मावशी हयात असताना, त्या झोपल्यावर तुम्ही डायरी वाचून जागच्या जागी ठेवली असती, तर? त्यांना कधीच कळलं नसतं, तरी विश्वासघात झालाच असता. अमेरिकन तत्त्वज्ञ थॉमस नेगल यांनी १९७० च्या निबंधात हेच दाखवलं : विश्वासघात मुळात वाईट असतो, म्हणून तो उघड झाल्यावर दुःख होतं. दुःख होतं म्हणून तो वाईट ठरत नाही.

तुमचा युक्तिवाद प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसचा आहे. आपण असतो तेव्हा मृत्यू नसतो, मृत्यू येतो तेव्हा आपण नसतो. मरणाची भीती घालवायला तो उपयोगी आहेच. पण याच एपिक्युरसनं मृत्युपत्र केलं, आपली बाग शिष्यांच्या वापरात राहावी आणि आपला जन्मदिवस दरवर्षी साजरा व्हावा, असं त्यात लिहिलं. रोमन विचारवंत सिसेरोनं त्याला नेमकं तिथंच धरलं : मृत्यूनंतर आपल्याला कशाचंच काही नसेल, तर ही काळजी कशाला?

मग नुकसान कोणाचं? तत्त्वज्ञ जॉर्ज पिचर यांचं १९८४ मधलं उत्तर मला पटतं : मृतदेहाचं नव्हे, जिवंतपणीच्या व्यक्तीचं. तुमच्या शब्दावर मावशी निश्चिंत झाल्या. ती निश्चिंती सार्थ होती की फसवी, हे तुम्ही आज काय करता त्यावर ठरतं. यात भूतकाळ बदलत नाही. त्यांनी विश्वास योग्य जागी ठेवला होता का, एवढंच ठरतं.

आता प्रत्यक्ष काय करायचं? आधी वह्यांमधले सुटे कागद न उलगडता वेगळे काढा. विम्याची पावती, दवाखान्याचे रिपोर्ट वरूनच ओळखू येतात, आणि त्यांबद्दल शब्द दिलेला नाही. 'एकदा चाळून बघू, मग जाळू' हा मार्ग धरू नका. चाळलं की शब्द तिथंच मोडतो, मागून जाळून तो भरून येत नाही. मन तयार नसेल तर वह्या बांधून ठेवा, पण तारीख ठरवा. नाहीतर 'पुढं बघू' म्हणत तुम्ही त्या कायमच्या ठेवून घ्याल.

प्रत्येक शब्द असा बांधत नाही, हेही सांगायला हवं. डायऱ्या मावशींच्या होत्या, म्हणून त्यांचं म्हणणं वजनदार. 'अमक्याशी लग्न करू नकोस' असा शब्द घेतला असता तर तो तुमच्या आयुष्यावरचा हक्क झाला असता, आणि तेवढा हक्क जिवंत माणसालाही नसतो.

प्रश्न : जन्मापूर्वी आपण नव्हतो, त्याचं दुःख नाही. मग मृत्यूनंतर नसण्याचं का?

उत्तर : हा प्राचीन रोमन कवी ल्युक्रेशियसचा जुना सवाल. ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक पारफिट यांचा प्रयोग मनातल्या मनात करून पाहा. तुम्ही दवाखान्यात जागे होता, काही आठवत नाही. एकतर काल तुमच्यावर दहा तासांची वेदनादायक शस्त्रक्रिया झाली आहे, नाहीतर आज एक तासाची व्हायची आहे. बहुतेक जण 'कालची झालेली असू दे' म्हणतात, वेदना दहापट असूनही. आपलं मन पुढं येणाऱ्या गोष्टींकडे कललेलं असतं. दोन्ही अभाव सारखे का वाटत नाहीत, हे त्यातून उलगडतं. तो कल योग्यच आहे, हे मात्र एवढ्यानं सिद्ध होत नाही.