वाचक विचारतात : आधी फोर-एक्सवर बघा

मी बेळगावात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. स्पॉटरला (स्लाइड ओळखायच्या प्रात्यक्षिक परीक्षेला) लिम्फ नोड, प्लीहा, थायमस आणि टॉन्सिल यांच्या स्लाइड सारख्याच जांभळ्या दिसतात. फोर्टी-एक्सवर (मायक्रोस्कोपच्या चाळीसपट मोठं दाखवणाऱ्या लेन्सवर) तर काहीच उमगत नाही. काय करू?
*— एक विद्यार्थिनी, खानापूर*

फोर्टी-एक्सवर उमगत नाही यात तुमचा दोष नाही, तिथं उमगण्यासारखं फारसं काही नसतंच. चारही अवयवांत लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशी खच्चून भरलेल्या, आणि लिम्फोसाइट म्हणजे जवळजवळ नुसतं केंद्रक. स्लाइड रंगवायचं हिमॅटॉक्सिलिन केंद्रकाला निळं-जांभळं करतं, म्हणून चौघांचा रंग एकच. फरक आहे तो मांडणीत, आणि मांडणी दिसते फोर-एक्सवर, म्हणजे चौपट दाखवणाऱ्या लेन्सवर. स्लाइड आधी उजेडाकडे धरून नुसत्या डोळ्यांनी बघा, मग फोर-एक्सवर कडेकडेनं एक पूर्ण फेरी मारा.

कडेला स्ट्रॅटिफाइड स्क्वेमस एपिथेलियम (चपट्या पेशींच्या अनेक थरांचं अस्तर) असेल आणि तेच खोल आत शिरून क्रिप्ट, म्हणजे खाचा, झाल्या असतील, तर टॉन्सिल. एपिथेलियम नाही, पण कॅप्सूलच्या, म्हणजे बाहेरच्या वेष्टनाच्या, लगेच खाली फिकट पट्टा आहे, तर तो सबकॅप्सुलर सायनस, म्हणजे लिम्फ नोड. फॉलिकल, म्हणजे लिम्फोसाइटचे गोल पुंजके, बाहेरच्या भागात (कॉर्टेक्समध्ये), आतला भाग मेड्युला. फॉलिकल कुठेही विखुरलेले, कॉर्टेक्स-मेड्युला असा भेदच नाही आणि फॉलिकलमध्ये एका बाजूला सरकलेली बारीक धमनी दिसते, तर प्लीहा. त्या धमनीला सेंट्रल आर्टरिओल म्हणतात, पण ती मधोमध शोधत बसाल तर सापडणार नाही. थायमसमध्ये लोब्यूल, म्हणजे छोटे कप्पे, असतात, बाहेरून गडद, आतून फिकट, आणि फॉलिकल नसतात. तिथं मात्र टेन-एक्सवर या आणि फिकट भागात कांद्याच्या चकतीसारखी गुलाबी हॅसल्स कॉर्पसल शोधा. ती सापडली की वाद मिटला.

परीक्षेत नुसत्या नावाला पूर्ण गुण क्वचितच मिळतात, ओळखीच्या दोन खुणा लिहाव्या लागतात. ‘जांभळ्या पेशी’ ही खूण होत नाही. ‘सबकॅप्सुलर सायनस’ ही होते.

फोर्टी-एक्सवर फोकस येतच नसेल तर आधी स्लाइड उलटी लावलेली नाही ना ते पाहा. या लेन्सचं टोक आणि नमुना यांच्यात एक मिलिमीटरही जागा राहत नाही, आणि स्लाइडची काच साधारण एक मिलिमीटर जाड असते. कव्हरस्लिप खाली गेली की फोकस येणं शक्यच नाही. अशा वेळी स्क्रू पिळत राहिलात तर काच फुटेल, लेन्सला ओरखडा पडेल. खानापूर-बेळगावच्या पावसाळ्यात आणखी एक पथ्य : मायक्रोस्कोपच्या पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा, नाहीतर लेन्सवर बुरशी धरते आणि पुढे महिनाभर ‘स्लाइड धूसर आहे’ अशी तक्रार चालते.

आकृतीबद्दल एकच. रेकॉर्ड बुकमध्ये निळ्या-गुलाबी पेन्सिलीनं काढायची आकृती सीनियरच्या वहीतून उतरवू नका. त्यानंही ती कुणाच्या तरी वहीतूनच उतरवलेली असते.

ॲक्झिलाच्या (काखेच्या) डिसेक्शनमध्ये आमच्या टेबलावर प्रत्येक वेळी नर्व्ह तुटतात. ब्रॅकियल प्लेक्सस (हाताला जाणाऱ्या नर्व्हचं जाळं) पुस्तकात नीट दिसतो, प्रत्यक्षात नुसती गुंतवळ.
*— दोघे मित्र, निपाणी*

बहुतेक नर्व्ह ब्लेडनं तुटतात. कातडीचा फ्लॅप उलटवून झाला की स्कॅल्पेल बाजूला ठेवा. पुढचं काम बोथट टोकाच्या कात्रीनं : मिटलेली कात्री चरबीत घालायची आणि आत उघडायची, नर्व्हच्या लांबीच्या दिशेनं, आडवी नाही. दाताचा फोर्सेप्स कातडीपुरता, नर्व्हला साधाच.

सगळ्यात आधी बळी जाते ती इंटरकॉस्टोब्रॅकियल नर्व्ह. दुसऱ्या बरगडीखालच्या जागेतून निघून ती काखेच्या चरबीतून आडवी जाते, आणि घाईत ती चरबीबरोबरच ओरबाडली जाते. तिला आधी शोधा, दोरा बांधून ठेवा.

पेक्टोरॅलिस मायनर हा छातीचा स्नायू तिसऱ्या ते पाचव्या बरगडीवरून सोडवून कोराकॉइडकडे, म्हणजे खांद्याच्या हाडाच्या टोकाकडे, उलटवा. व्हेन (शीर) धमनीच्या आतल्या बाजूला असते. तिच्या लहान उपशाखा काढून टाकायला हरकत नाही, त्यानं निम्मी गुंतवळ सुटते. धमनीला मात्र हात लावायचा नाही, कारण लॅटरल (बाहेरची), मीडियल (आतली), पोस्टीरिअर (मागची) ही कॉर्डची, म्हणजे प्लेक्ससच्या जाड दोरांची, नावं धमनीच्या दुसऱ्या भागावरूनच, म्हणजे मायनरच्या मागच्या भागावरूनच पडलीत.

आता वरून खाली नको, खालून वर या. कोराकोब्रॅकियालिस स्नायूला भेदून जाणारी नर्व्ह म्हणजे मस्क्युलोक्युटेनियस. तिला धरून वर गेलात की लॅटरल कॉर्ड. तिथूनच मीडियनचं एक मूळ निघतं, दुसरं मीडियल कॉर्डमधून धमनीच्या पुढून येतं, आणि मीडियल कॉर्ड पुढे अल्नर म्हणून उतरते. धमनीच्या तिसऱ्या भागावर इंग्रजी ‘एम’ तयार होतो. तो मिळाल्यावरच धमनी अलगद बाजूला ओढून मागची पोस्टीरिअर कॉर्ड बघा : जाड ती रेडिअल, क्वाड्रँग्युलर स्पेसमधून मागे शिरणारी ॲक्झिलरी. मस्क्युलोक्युटेनियसनं स्नायू भेदलेलाच नाही किंवा तिची फांदी मीडियनला मिळते, असंही आढळतं. पुस्तकाशी जुळत नाही म्हणून ती फांदी कापू नका, सरांना बोलवा.

मुलगा शहापूरच्या आयुर्वेद महाविद्यालयात आहे. डिसेक्शन हॉलमधून आला की डोळे लाल. काळजीचं आहे का?
*— एक पालक, बेळगाव*

देह टिकवायला वापरतात त्या फॉर्मॅलिनच्या वाफेनं डोळे-नाक चुरचुरतातच, पण ते नेहमीचं म्हणून सोडून देऊ नका. त्यातलं फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक मानलेलं आहे. लेटेक्सपेक्षा नायट्राइलचे हातमोजे बरे. कॉन्टॅक्ट लेन्स नको, चष्मा किंवा गॉगल हवा. साध्या सर्जिकल मास्कनं वाफ अडत नाही; खिडक्या आणि एक्झॉस्ट पंखे चालू असणं जास्त महत्त्वाचं, आणि त्याची मागणी करायला संकोच नको. शिंतोडा उडाला तर डोळा वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन थेट डॉक्टरांकडे जा.

वय ७१. देहदानाची इच्छा आहे, घरचे कचरतात. रीत काय?
*— एक शेतकरी, चिकोडी तालुका*

बेळगावात जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज किंवा बिम्स हे सरकारी मेडिकल कॉलेज यांच्या ॲनाटॉमी (शरीररचना) विभागात जाऊन फॉर्म मागा. तुमची आणि साक्षीदारांची सही लागते, पण खरा भरवसा वारसांवर. त्यांनी ऐनवेळी नाही म्हटलं तर फॉर्म कपाटातच राहतो. म्हणून मुलांना सोबत घेऊनच जा. आपल्या भागात याला उदाहरण आहे : बैलहोंगलच्या डॉ. रामण्णावर यांनी देह दिला आणि २०१० मध्ये त्याचं विच्छेदन त्यांच्या मुलानंच, जो शरीररचनेचा अध्यापक आहे, विद्यार्थ्यांसमोर केलं.

मृत्यूनंतर तासाभरात विभागाला फोन जायला हवा. चिकोडीहून बेळगावचा रस्ता आहे, उन्हाळा असेल तर देह बर्फात ठेवा. सोबत डॉक्टरांचं मृत्यूचं प्रमाणपत्र. शवविच्छेदन झालेला देह, अपघाती मृत्यू, एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बी असेल तर सहसा नाकारतात. नेत्रदान मात्र सोबत करता येतं. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात.

धार्मिक विधी देह सोपवण्याआधी घरी उरकून घ्या. नंतर अस्थी मिळतीलच असं धरू नका, आणि हे घरच्यांना आजच सांगून ठेवा.