तागाचा गालिचा आणि पावसाळ्यातील बुरशी

प्रश्न : मालवणजवळच्या आमच्या घरात ओटीवर तागाचा गालिचा आणि दारात काथ्याचे पायपुसणे आहे. श्रावणात गालिच्याला कुबट वास येऊन पांढरी बुरशी धरली. तो धुतला तर चालेल का?

उत्तर : तागाचा गालिचा कृपया धुऊ नका. तागाचा धागा भिजला की त्याची ताकद घटते आणि सावकाश वाळताना त्यावर तपकिरी डाग उमटतात; काथ्या मात्र पाणी सोसतो, म्हणून पायपुसणे धुऊन उन्हात उभे करून ठेवल्यास बिघडत नाही. बुरशी घरात झटकू नये, तिचे बीजाणू सर्वत्र पसरतात. उघडीप मिळताच गालिचा अंगणातल्या दांडीवर टाकून, नाकाला रुमाल बांधून, कोरड्या ब्रशने झाडावा. मग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढेच पाणी मिसळून, त्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने, आधी एका कोपऱ्यावर रंग जात नाही ना हे पाहून, पुसावा आणि पंख्याखाली दोन्ही बाजूंनी पूर्ण वाळवावा. आमटी सांडल्यास न घासता सुती कापडाने टिपून घ्यावी. हळदीचा डाग पूर्ण जाईल, अशी आशा मात्र धरू नये. आमचे मत विचाराल तर, ओल येणाऱ्या लादीवर जूनपासून गालिचा अंथरूच नये. तो घडी न घालता गुंडाळून, प्लास्टिकऐवजी सुती चादरीत बांधून, कोरड्या माळ्यावर ठेवावा.