उलटणारा, परतणारा की ओसरण्याजोगा?

प्रश्न असा आला आहे : 'पोस्टिरियर रिव्हर्सिबल एन्सेफॅलोपॅथी सिंड्रोम' या विकारावरच्या लेखाचं मराठी करताना 'मेंदूचा उलटणारा विकार : गर्भवती आणि अगर्भवती स्त्रियांवरील परिणाम' हे शीर्षक चालेल का?

माझ्या मते चालणार नाही, आणि सर्वांत मोठी अडचण 'उलटणारा' या शब्दाची आहे. मराठीत ताप उलटला, दुखणं उलटलं असं आपण म्हणतो, तेव्हा बरं होत आलेलं माणूस पुन्हा आजारी पडलेलं असतं. औषध उलटलं म्हणजे त्याने अपाय केला. इंग्रजी 'रिव्हर्सिबल'चा इथला अर्थ मात्र 'बरा होऊ शकणारा' असा आहे. म्हणजे हे शीर्षक वाचणाऱ्याला मूळ अर्थाच्या नेमकं विरुद्ध कळेल. 'परतणारा' घेतला तरी तेच होतं; परतून येणारा आजार कोणाला हवा असतो? रसायनशास्त्रातला 'व्युत्क्रमी' विक्रियेपुरता ठीक आहे, पण रुग्णाच्या नातेवाइकांना त्यातून काहीच कळणार नाही.

योग्य शब्द सापडायला हवा असेल तर आधी या विकारात मेंदूत काय घडतं ते पाहावं लागेल. रक्तदाब चढला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आत जाणारं रक्त बेताचं ठेवतात. दाब एकदम फार चढला किंवा वाहिन्यांचं आतलं अस्तरच दुखावलं, तर हा बांध टिकत नाही. रक्तातलं पाणी वाहिनीबाहेर पाझरतं आणि भोवतालच्या भागाला सूज येते. मेंदूच्या मागच्या बाजूच्या वाहिन्यांना या नियंत्रणासाठी मज्जातंतूंचं पाठबळ कमी असतं, म्हणून सूज बहुधा तिथे दिसते. दृष्टीचं केंद्रही तिथेच. त्यामुळे डोकं दुखणं, झटके येणं, भान हरपणं यांच्या जोडीला धूसर दिसणं, क्वचित काही काळ अजिबात न दिसणं ही लक्षणं येतात.

म्हणजे मुळात ही पाण्याची सूज आहे, आणि सूज उतरण्यासाठी आपल्याकडे 'ओसरणे' हे सुंदर क्रियापद आहे. पूर ओसरतो, ताप ओसरतो, सूजही ओसरते. एमआरआयवर दिसणारे पांढरे डाग काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विरून जातात, त्याला याहून नेमका शब्द मला सुचत नाही.

पण 'ओसरणारी सूज' म्हणायलाही माझं मन धजत नाही. '-णारा' लावला की मराठीत ती जवळजवळ हमी होते. 'बरा होणारा आजार' ऐकलं की नातेवाईक निर्धास्त होतात. मूळ 'रिव्हर्सिबल' या शब्दात हमी नाही, शक्यता आहे. उपचार वेळेवर झाले तर ओसरेल इतकंच. रक्तदाब आटोक्यात आणायला उशीर झाला, तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, एखादा भाग कायमचा निकामी होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. ही अट शब्दात ठेवायला मराठीत '-ण्याजोगा' आहे. म्हणून 'ओसरण्याजोगी सूज'. उच्चाराला थोडा जड आहे, कबूल, पण या एका प्रत्ययावर कोणीतरी वेळेत दवाखाना गाठण्याची शक्यता अवलंबून आहे, म्हणून मी त्यासाठी हट्ट धरतो.

आता 'अगर्भवती'. हा शब्द कोणी बोलत नाही, आणि त्यातून काही कळतही नाही. या विकाराचं पहिलं ठळक वर्णन 1996 साली झालं, तेव्हाच्या 15 रुग्णांपैकी फक्त तिघींना गर्भाक्षेपक, म्हणजे एक्लॅम्पसिया (गर्भारपणात किंवा बाळंतपणानंतर रक्तदाब चढून येणारे झटके) होता. बाकीच्यांत अवयव-प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे होते, मूत्रपिंडाच्या विकारामुळे रक्तदाब चढलेले होते. हा विकार पुरुषांना आणि मुलांनाही होतो. तेव्हा 'इतर रुग्ण' म्हणणं सरळ.

'गर्भवती' मात्र अपुरा पडतो. गर्भारपणात 20 आठवड्यांनंतर रक्तदाब 140/90 किंवा त्याहून वर गेला की धोक्याची सुरुवात असू शकते, पण झटके पुष्कळदा प्रसूतीनंतर येतात, आणि धोका सुमारे सहा आठवडे राहतो. त्या बाईला गर्भवती म्हणता येत नाही आणि 'इतर'मध्येही घालता येत नाही. मराठीत तिच्यासाठी 'बाळंतीण' हा स्वतंत्र शब्द तयार आहे, तो शीर्षकात हवाच. बाळंतपण पार पडलं, आता डोकेदुखी जागरणाने असेल, असं समजून दुर्लक्ष होतं ते हिच्याच बाबतीत.

दोन गटांत फरक आहे, तोही लेखात नीट यावा. तुलना केलेल्या अभ्यासांत गर्भवती आणि बाळंतिणींमध्ये डोकेदुखी जास्त आढळली, भान हरपणं कमी. सूज तुलनेने सौम्य होती आणि पूर्ण ओसरण्याचं प्रमाणही जास्त होतं. त्यांना झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेट देतात, रक्तदाब उतरवतात, आणि गर्भारपणातच हे घडलं तर प्रसूती हाच मूळ कारणावरचा इलाज ठरतो. इतरांमध्ये कारण शोधून ते दूर करावं लागतं; कधी औषध थांबवणं, कधी बदलणं.

म्हणून मी सुचवेन : 'मेंदूच्या मागील भागाची ओसरण्याजोगी सूज (प्रेस) : गर्भवती, बाळंतिणी आणि इतर रुग्ण'. कंसातला 'प्रेस', म्हणजे मूळ इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचं लघुरूप, राहू द्या, कारण डॉक्टरांच्या तोंडून घरच्यांना ऐकू येणार आहे तो हाच शब्द.