इंग्लंडमधलं ‘प्लेगचं गाव’ ईम: अर्ध्या दिवसात काय पाहावं आणि गोष्ट कितपत खरी?

शेफिल्डला मुक्काम आहे, अर्धा दिवस मोकळा आहे, तेव्हा ईमला काय बघावं आणि प्लेगची कथा खरी किती, असं तुम्ही विचारलंय. कथा खरी आहे, फक्त तिच्यावर नंतर बराच मुलामा चढलाय.

डर्बीशरमधलं हे गाव शिशाच्या खाणींवर जगणारं. १६६५ मध्ये अलेक्झांडर हॅडफिल्ड या शिंप्याकडे लंडनहून कापडाचा गठ्ठा आला. कापड दमट होतं, म्हणून त्याच्या हाताखालच्या जॉर्ज व्हिकर्सनं ते शेकोटीपुढं वाळत घातलं. ७ सप्टेंबरला व्हिकर्सचं दफन झालं. हिवाळ्यात साथ मंदावली आणि जून १६६६ मध्ये पुन्हा उसळली. तेव्हा चर्चचे धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन आणि त्यांच्या आधीचे थॉमस स्टॅन्ली एकत्र आले. स्टॅन्लींना धार्मिक मतभेदांमुळे १६६२ मध्ये पद सोडावं लागलं होतं, पण गावात त्यांना मानणारे पुष्कळ होते. ते सोबत नसते तर नव्या मॉम्पेसनचं गावानं कितपत ऐकलं असतं, शंकाच आहे. ठरलं ते असं: ज्यानं त्यानं आपली माणसं आपल्याच जागेत पुरायची, प्रार्थना चर्चऐवजी ककलेट डेल्फ या घळीत उघड्यावर करायची आणि वेस कोणी ओलांडायची नाही. जवळच्या चॅट्सवर्थ वाड्यातून तिथला उमराव अर्ल ऑफ डेव्हनशरनं धान्य-सामान पाठवलं. जुलैत ५६ आणि ऑगस्टमध्ये ७८ माणसं दगावली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला साथ संपली तोवर एकूण साधारण २६० जण गेले होते.

आता मुलामा. मॉम्पेसननी आपली मुलं आधीच बाहेर धाडली होती आणि ऐपत असलेली काही घरंही वेळीच निघून गेली होती. त्यामुळे ‘अख्खं गाव हसत मरणाला सामोरं गेलं’ हे वर्णन जरा जपूनच घ्यावं. कापडातल्या पिसवांनी साथ पसरवली असं सांगतात, तेही तसंच. प्लेग पिसवांतून पसरतो हे पुढं पक्कं झालं त्यात १९०५ नंतर मुंबईत परळला झालेल्या प्रयोगांचा मोठा वाटा होता. पण ईमच्या नोंदींवरून २०१६ मध्ये केलेलं गणित सांगतं की इथं उंदरांकडून (म्हणजे त्यांच्या पिसवांतून) आलेली लागण जेमतेम पाव हिस्सा असावी. बाकी सगळी माणसाकडून माणसाला. गाव बंद करणं शेजारच्या गावांच्या फायद्याचं ठरलं असेल, पण आत अडकलेल्यांना ते महागात पडलं असावं.

बहुतेक लोक चर्च आणि त्याशेजारची ‘प्लेग कॉटेजेस’ बघतात, घरांपुढच्या मृतांच्या नावांच्या पाट्या वाचतात आणि परततात. चर्चच्या आवारात आठव्या शतकातला कोरीव सॅक्सन क्रूस, मॉम्पेसनची पत्नी कॅथरीनची कबर आणि भिंतीवरचं १७७५ चं सूर्यघड्याळ आहे. क्रूस नीट बघा, त्याच्या दांड्याचा वरचा भाग गायब आहे. पण खरं ईम गावाबाहेर आहे. लिडगेट या रस्त्यावरून शेजारच्या स्टोनी मिडलटन गावाकडे जाणाऱ्या पायवाटेनं शेतात गेलात की सीमेचा दगड लागतो. त्याच्या माथ्यावर सहा खळगे आहेत. लोक त्यात व्हिनेगर ओतून नाणी ठेवत, म्हणजे पैशाबरोबर रोग जाऊ नये, आणि शेजारचे गावकरी सामान ठेवून ती उचलत. येताना लिडगेटलाच साथीत गेलेल्या डार्बी बापलेकीच्या दोन कबरी दिसतील.

पूर्वेला चढावर रायलीच्या कबरी आहेत, गोल दगडी कुंपणातल्या. एलिझाबेथ हॅनकॉकनं १६६६ च्या ऑगस्टमध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं इथं स्वतः पुरली. वेळ कमी असेल तर मॉम्पेसनची विहीर (सामान ठेवायची अशीच आणखी एक जागा) सोडा, ती उत्तरेला बरीच चढावर आहे आणि तिथं बघायला फारसं काही नाही. रायलीच्या कबरी मात्र सोडू नका.

म्युझियम हॉकहिल रोडवर, जुन्या मेथडिस्ट चॅपलमध्ये आहे. सोमवारी आणि हिवाळ्यात ते बंद असू शकतं, वेळ आधी पाहून घ्या. आधी म्युझियम, मग पायवाटा, असा क्रम ठेवला तर पाट्यांवरची नावं ओळखीची वाटतात. शेतातून जायचं असल्यानं पावसानंतर चिखल होतो, स्पोर्ट्स शूजपेक्षा चांगली पकड असलेले बूट घाला. रेल्वेनं आलात तर ग्रिंडलफर्ड स्टेशन जवळचं आहे, पण तिथून चांगलीच चाल आणि चढ आहे, त्यामुळे शेफिल्डहून बस मिळाली तर तीच बरी. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी ककलेट डेल्फमध्ये स्मरणाची प्रार्थना असते, त्या दिवशी गाडी लावायला जागा मिळवायची असेल तर सकाळीच पोचा.